समर स्कूल, ग्लोबल हेल्थ आणि परदेशातलं फील्डवर्क: कोकणातल्या पोरापोरींचे नेहमीचे प्रश्न

डिसेंबर लागला की कुडाळ, चिपळूण, डेरवण, अलिबाग इकडून मेसेज सुरू होतात, "ताई, ते समर स्कूलचं काय असतं, मला पण करायचंय." तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं एकदा इथे लिहून ठेवतेय. मी पब्लिक हेल्थवाली, सिंधुदुर्गातली. एजंट नाही आणि कुणाचं कमिशन पण खात नाही. एमबीबीएस, बीएएमएस, नर्सिंग, फिजिओ, सोशल वर्क, कुणीही वाचा, बहुतेक गोष्टी सगळ्यांना सारख्याच लागू आहेत.

ग्लोबल हेल्थ म्हणजे आफ्रिकेत जाऊन इंजेक्शनं देणं का?

नाही हो. कुठल्या माणसाला उपचार मिळतो, कुणाला मिळत नाही आणि असं का, हा त्यातला मुख्य प्रश्न. मग त्यात औषधाची किंमत आली, पाऊसपाणी आलं, कामासाठी गाव सोडून जाणारी माणसं आली, सरकारी बजेट आलं. डॉक्टरकी हा त्यातला एक भाग.

लांब जायला नको, आपल्या रायगडातलंच घ्या. डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) होते तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं फुप्फुसात पाणी भरून जायची, आणि तेही धडधाकट माणसं, पोरं. त्या विषाने शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, बीपी चढतं, हृदय थकतं. बावस्करांनी प्राझोसिन वापरून बघितलं, म्हणजे बीपीची साधी स्वस्त गोळी, आणि माणसं वाचायला लागली. ते लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं, पुढे २०११ मध्ये प्राझोसिन एकटं द्यायचं की सोबत अँटिव्हेनम (विषाचा उतारा) पण, याची रीतसर ट्रायल बीएमजे या जर्नलमध्ये आली, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातल्या खेड्यात नीट बघितलेली आणि नीट लिहून ठेवलेली गोष्ट जगाच्या कामी आली ना, तेच ग्लोबल हेल्थ. समर कोर्समध्ये असं बघायला आणि लिहायला शिकवतात, निदान चांगल्या कोर्समध्ये तरी.

समर म्हणजे एप्रिल-मे ना? तेव्हा तर आम्हाला सुट्टी असते.

इथेच सगळ्यांचा घोटाळा होतो. युरोप-अमेरिकेचा समर म्हणजे जून ते ऑगस्ट. आपल्याकडे तेव्हा धो धो पाऊस, भात लावणी, आणि कॉलेजं फुल चालू. म्हणजे अटेंडन्स जाणार, कुणाची परीक्षा मध्ये येणार. म्हणून युनिव्हर्सिटीचं वेळापत्रक आणि कोर्सच्या तारखा दोन्ही शेजारी ठेवूनच अर्ज करा, आणि डीन किंवा प्रिन्सिपलकडून रजेचं आधीच लेखी घ्या, तोंडी "जा जा" नको. इंटर्नशिप संपल्यावर आणि पीजी किंवा नोकरी लागायच्या आधी जो मोकळा काळ मिळतो तो सगळ्यात बरा, असं माझं मत.

गणपतीच्या आधी परत येता येईल का?

हसू नका, हा प्रश्न मला पहिल्या पाचात येतो. वर्षावर अवलंबून आहे. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक महिना असल्यामुळे १४ सप्टेंबरला. त्यामुळे २०२६ ला ऑगस्ट अखेरीपर्यंतचा प्रोग्रॅम धरला तरी घरी पोचाल. परतीचं विमान गोव्यातल्या मोपाला मिळालं तर उत्तम, कारण मुंबईला उतरलात तर त्या दिवसात कोकण रेल्वेचं तिकीट मिळणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

कोर्स आणि फील्ड प्लेसमेंट यात फरक काय? दोन्ही घ्यावं का?

कोर्स म्हणजे वर्ग. एक ते सहा आठवडे, सकाळी लेक्चर, दुपारी ग्रुपवर्क, शेवटी असाइनमेंट किंवा प्रेझेंटेशन. एपिडेमिऑलॉजी (आजार कुणाला, कुठे, का होतात याचा अभ्यास), थोडं स्टॅटिस्टिक्स, आरोग्य यंत्रणा कशा चालतात, पैसा कुठून येतो, एथिक्स, असं साधारण असतं. युरोपात क्रेडिट ईसीटीएसमध्ये मोजतात, एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यात घरी बसून वाचायचं पण धरलेलं असतं. म्हणजे तीन क्रेडिटचा कोर्स ७५ ते ९० तास, दोन आठवड्यात बसवलेला असेल तर फिरायला वेळ मिळत नाही हे आधीच ओळखा.

प्लेसमेंट म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन राहणं. एखादं रिसर्च सेंटर, सरकारी आरोग्य केंद्र, एनजीओ, नाहीतर एखाद्या देशाचं आरोग्य खातं.

माझं स्पष्ट मत सांगते, पटलं तर घ्या: प्रोग्रॅम निवडताना शहराचं नाव बघू नका, युनिव्हर्सिटीचा लोगो पण नंतर बघा, आधी प्लेसमेंट बघा, तिथे तुमच्या डोक्यावर कोण असणार आहे ते बघा, आणि तुम्ही गेल्यावर त्या गावाच्या हातात काय राहणार ते बघा. वर्गात शिकवतात त्यातलं अर्धं तर आज घरबसल्या ऑनलाइन मिळतं, जॉन्स हॉपकिन्सचे कोर्स कोर्सेरावर आहेत, लंडन स्कूलचे फ्यूचरलर्नवर. फील्ड मात्र ऑनलाइन मिळत नाही. पण सुपरव्हिजन नसलेलं फील्ड म्हणजे नुसती सहल, आणि ती पण दुसऱ्याच्या दुखण्यावर काढलेली.

आधी कोर्स आणि मग लगेच प्लेसमेंट, असं जोडून मिळालं तर सोनं. नुसतं प्लेसमेंट घेत असाल तर निघायच्या आधी निदान एपिडेमिऑलॉजीची बेसिक उजळणी करा, नाहीतर तिथे लोक काय बोलतात तेच कळत नाही.

कुठे कुठे असतं असं?

सगळी यादी नाही देत, दरवर्षी बदलतं. पण ही नावं ओळखीची असू द्या. लिव्हरपूलचं ट्रॉपिकल मेडिसिन स्कूल १८९८ चं, लंडनचं १८९९ चं, दोन्ही जहाजातून आणि वसाहतीतून आलेल्या आजारांसाठी सुरू झाली, आणि तो साम्राज्याचा इतिहास आता तिथलेच लोक वर्गात उकरून काढतात, ती चर्चा ऐकण्यासारखी असते. बेल्जियममध्ये अँटवर्प, स्वित्झर्लंडमध्ये बासेलचं स्विस टीपीएच, जर्मनीत हायडेलबर्ग. जिनिव्हात डब्ल्यूएचओ स्वतःच आहे, म्हणून तिथे पॉलिसीवाले कोर्स भरपूर, पण शहर भयंकर महाग.

आणि परदेश म्हणजे गोऱ्यांचाच देश असं डोक्यातून काढा. बँकॉकची माहिडॉल युनिव्हर्सिटी बघा. ढाक्यात आयसीडीडीआर,बी हे डायरियावरच्या कामासाठी ओळखलं जाणारं संशोधन केंद्र आहे, तिथे शेजारीच ब्रॅक या एनजीओच्या युनिव्हर्सिटीचं पब्लिक हेल्थ स्कूल. केनियाच्या किनाऱ्यावर किलिफीला १९८९ पासून केमरी-वेलकमचं मोठं संशोधन केंद्र आहे, आणि तिकडे माड, काजू, आंबा सगळं, हवा पण आपल्यासारखीच दमट, सिंधुदुर्गातल्या माणसाला परकं वाटायचं कारण नाही.

मेडिकलवाल्यांसाठी अजून एक रस्ता म्हणजे आयएफएमएसएचं एक्सचेंज. मेडिकल विद्यार्थ्यांची जागतिक संघटना आहे, १९५१ पासूनची, आपल्याकडे एमएसएआय या तिच्या भारतातल्या संघटनेमार्फत जाता येतं. साधारण चार आठवडे, क्लिनिकल किंवा रिसर्च, राहायची सोय यजमान देश करतो. ते ग्लोबल हेल्थच असेल असं नाही, पण खर्च आटोक्यात राहतो.

फील्डला नक्की काय करायला मिळतं?

बरंचसं कंटाळवाणं. फॉर्म तपासणं, डेटा साफ करणं, नकाशावर घरं लावणं, मीटिंगला कोपऱ्यात बसून नोट्स काढणं, आशाताईंसारख्या तिथल्या कार्यकर्तीबरोबर घरोघर फिरणं. आणि यातलं शेवटचं सगळ्यात भारी.

बांगलादेशात मतलब म्हणून भाग आहे, चांदपूर जिल्ह्यात, नद्यांच्या जाळ्यात. तिथे १९६६ पासून प्रत्येक घरातला जन्म, मृत्यू, लग्न, कोण आलं कोण गेलं हे सतत नोंदवलं जातंय. ओआरएस घराघरात कसं पोचवायचं, कॉलऱ्याची तोंडावाटे द्यायची लस चालते का, असलं कितीतरी काम तिथे झालं. बांगलादेशातल्याच एका नदीकाठच्या गावात मी एका आपांच्या (तिकडे ताईला आपा म्हणतात, या घरोघर नोंदी घेणाऱ्या कार्यकर्ती) मागून फिरत होते. अंगणात स्टूल टाकून बसल्या, समोरच्या बाईला विचारलं, गेल्या दोन आठवड्यात बाळाला हगवण? ती म्हणाली नाही. आपांनी फॉर्मवर काही लिहिलंच नाही. खिडकीत ओआरएसचं फाडलेलं पाकीट होतं, त्याच्याकडे बघत म्हणाल्या, हे कुणाला दिलं गं? बाळालाच. मग किती वेळा झालं दिवसात? चार-पाच वेळा. पण ती काय हगवण नाही, दात येतायत ना. डब्ल्यूएचओच्या व्याख्येत चोवीस तासात तीन किंवा जास्त वेळा पातळ झालं की डायरिया, आणि त्या आईच्या लेखी तो आजारच नव्हता. आपल्याकडे पण हेच म्हणतात की, दात येताना होतंच. ती नोंद "नाही" अशी गेली असती तर पुढे कुठल्यातरी तक्त्यात त्या गावातला डायरिया एका पोराने कमी दिसला असता, आणि अशी किती घरं. व्याख्या, सर्वे, अंडररिपोर्टिंग यावर कितीही लेक्चरं ऐका, हे असं खिडकीकडे बघायला कोण शिकवणार?

त्या आपांचं शिक्षण बारावी. माझ्यापेक्षा चांगल्या एपिडेमिऑलॉजिस्ट होत्या त्या.

(ओआरएसवरून आठवलं, १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी पिंपात बनवून दिलं आणि मृत्यूचं प्रमाण झपकन खाली आलं. माणूस २०२२ मध्ये गेला, पद्मविभूषण मिळालं ते त्यानंतर २०२३ ला. आपलं हे असंच.)

पेशंट तपासायला, टाके घालायला, डिलिव्हरी करायला मिळेल का?

मिळेल असं कुणी जाहिरातीत लिहिलं असेल तर तिथे जाऊच नका. तुमच्या स्वतःच्या कॉलेजात तुम्हाला जे करायची परवानगी नाही ते दुसऱ्या देशातल्या गरीब बाईवर करायची परवानगी कशी काय मिळते? तिला नाही म्हणायची सोय नसते म्हणून मिळते. उद्या एखादा सेकंड इयरचा जर्मन पोरगा आपल्या वेंगुर्ल्याच्या रुग्णालयात येऊन तुमच्या वहिनीला टाके घालायला लागला तर चालेल का, येवढं विचारा स्वतःला.

यावर २०१० मध्ये वेट नावाची मार्गदर्शक तत्त्वं आली, पाठवणारी संस्था, यजमान संस्था, विद्यार्थी आणि पैसे देणारे अशा सगळ्यांनी काय पाळायचं ते त्यात आहे. मिनेसोटा युनिव्हर्सिटीचं गॅप्स नावाचं फुकट ऑनलाइन ट्रेनिंग पण आहे, खास परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, एका बैठकीत होतं. निघायच्या आधी दोन्ही वाचा. आणि तिथे कुणी आग्रह केला तरी "मला याची परवानगी नाही" हे वाक्य तिथल्या भाषेत पाठ करून जा.

फसवणूक कशी ओळखायची?

खालचे प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर कसं येतं ते बघा. माझा सुपरवायझर कोण, त्याचं नाव काय, तो तिथलाच आहे का नुसता झूमवर भेटणार? यजमान संस्थेला माझ्या फीमधून किती पैसे जातात? मी जे काम करणार ते कुणी मागितलंय, मी गेल्यावर कोण पुढे नेणार? आजारी पडले तर कुठल्या हॉस्पिटलात? चांगले लोक दोन ओळीत सरळ उत्तर देतात. ज्यांच्याकडून नुसते हसऱ्या पोरांचे फोटो आणि "लाइफ चेंजिंग एक्स्पिरिअन्स" येतं, तिथे सोडून द्या.

एजंटची गरज नाही, अजिबात नाही. माझ्या ओळखीच्या एका पोरीकडून एकाने "सीट बुकिंग" म्हणून भरपूर पैसे घेतले, आणि नंतर कळलं की तो अर्ज युनिव्हर्सिटीच्या साइटवर कुणालाही फुकट भरता येतो.

खर्च किती येतो?

फी, विमान, राहणं, खाणं, व्हिसा, इन्शुरन्स, लसी. फी आठवड्याला काही शे युरो असू शकते, नामांकित ठिकाणी हजाराच्या वर पण जाते. बरीच युनिव्हर्सिटी कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशातल्या लोकांना फी कमी लावतात किंवा थोड्या सीट माफीत देतात, आणि वर्ल्ड बँकेच्या वर्गवारीत भारत निम्न-मध्यम उत्पन्न गटात येतो, म्हणजे तुम्ही त्यात बसता. हे साइटवर बारीक अक्षरात असतं, नाही दिसलं तर विचारा, विचारायला लाज नको. स्कॉलरशिपच्या तारखा कोर्सच्या तारखांच्या खूप आधी संपतात, डिसेंबरात मला मेसेज करायचं तेही म्हणूनच, मे महिन्यात करून काय उपयोग.

राहायला युनिव्हर्सिटीचं हॉस्टेल घ्या, समरला ती रिकामी असतात. आणि थोडा तरी स्वयंपाक यायला हवा.

व्हिसाचं कसं? घरचं उत्पन्न आंब्याचं आहे, आयटीआर किरकोळ आहे.

हा अस्सल कोकणी प्रश्न, आणि यावर इतर कुठे नीट उत्तर मिळत नाही म्हणून सविस्तर लिहिते. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे बापाच्या आयटीआरमध्ये काही दिसत नाही. वर आंब्याचा पैसा येतो एप्रिल ते जून, आणि तुम्ही व्हिसासाठी बँक स्टेटमेंट काढता एप्रिलात, म्हणजे मागचे सहा महिने खातं कोरडं ठक्क. मग लोक काय करतात, काकाकडून पाच लाख आणून आदल्या आठवड्यात खात्यात टाकतात. व्हिसा ऑफिसरला हेच सगळ्यात आधी डोळ्यात खुपतं.

त्यापेक्षा सरळ करा. सातबारा, मागच्या दोन-तीन सीझनच्या वाशी मार्केटच्या पट्ट्या, कॅनिंगला माल दिला असेल तर त्याच्या पावत्या, आणि बँक स्टेटमेंट सहा महिन्यांऐवजी वर्षाचं, म्हणजे मागच्या सीझनला आलेला पैसा दिसतो. सोबत एक पानाचं कव्हर लेटर: आमचं उत्पन्न हंगामी आहे, या महिन्यात येतं, त्यावर कर लागत नाही, कागद जोडलेत. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. सीए ओळखीचा असेल तर त्याचं सर्टिफिकेट पण लावा.

बाकी नियम थोडक्यात. शेंगेन व्हिसा १८० दिवसात जास्तीत जास्त ९० दिवस, फी ९० युरो, त्यावर सेंटरचा चार्ज वेगळा, निदान ३०,००० युरो कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, अर्ज सहा महिने आधीपासून भरता येतो. लवकर भरा, एप्रिल-मेला अपॉइंटमेंट मिळत नाहीत. युकेला सहा महिन्यांपर्यंतचा छोटा कोर्स मान्यताप्राप्त संस्थेत असेल तर स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर चालतो. अमेरिकेत आठवड्याला १८ तास किंवा त्याहून जास्त वर्ग असतील तर एफ-१ हा स्टुडंट व्हिसा लागतो, टुरिस्ट व्हिसावर जाऊन वर्गात बसू नका. केनियात संशोधन करायचं तर नॅकोस्टी या तिथल्या सरकारी विज्ञान आयोगाचं लायसन्स वेगळं लागतं, यजमान संस्थेला आधीच विचारा. बांगलादेशसाठी परिस्थिती बघून ठरवा, २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिकडे सरकार गेल्यानंतर व्हिसाचं सगळं गणितच बदललं होतं.

व्हीएफएसला (व्हिसाचे अर्ज घेणारं सेंटर) मुंबईच गाठायची असं नाही, काही देशांचे अर्ज पणजीला पण घेतात, सावंतवाडीवाल्यांना ते बरं. मुंबईला जात असाल तर कोकणकन्येने सकाळी उतरून त्याच सकाळची नऊची अपॉइंटमेंट घेऊ नका, गाडी लेट झाली की गेली, आणि पावसाळी टाइमटेबल लागल्यावर तर विचारूच नका.

एसओपीत (हा कोर्स का करायचाय ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निबंधात) काय लिहू? माझ्याकडे काही अनुभवच नाही.

तुम्ही कोकणात राहता आणि अनुभव नाही म्हणता!

लावणीच्या चिखलात पायाच्या भेगांतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा जंतू) कसा शिरतो, पीएचसीवाले दरवर्षी डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या) गोळ्या वाटत का फिरतात आणि अर्ध्या गोळ्या मेरेवरच का पडलेल्या असतात, हे तुम्ही डोळ्याने बघितलंय. दोडामार्ग-बांद्याकडचे असाल तर माकडताप माहितेय, कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये सापडलेला आजार २०१६ च्या आसपास आपल्या काजूच्या बागांत आला, गोचिडीतून, नेमका काजू गोळा करायच्या मोसमात. कुणाला फुरसं चावलं की आधी गाडी कुठून मिळवायची इथपासून सुरुवात होते. परदेशातल्या पोरांना हे पुस्तकातून वाचावं लागतं.

त्यातली एकच गोष्ट घ्या आणि नीट लिहा. काय बघितलं, काय कळलं नाही, आणि ते कळायला हा कोर्स कसा उपयोगी पडेल. "लहानपणापासून मला समाजसेवेची आवड" हे वाक्य काढून टाका, प्लीज, सगळ्यांच्या एसओपीत असतं. आणि एनएफएचएस-५ चं, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं, तुमच्या जिल्ह्याचं फॅक्टशीट डाउनलोड करून वाचा, २०१९-२१ चा सर्वे आहे, काही पानांचंच आहे. रत्नागिरीतल्या किती बायकांना अॅनिमिया आहे हे रत्नागिरीच्या पोरीला माहीत नसेल आणि ती टांझानियाच्या अॅनिमियावर बोलायला लागली तर कसं दिसेल.

माझं शिक्षण मराठी मिडियममधलं, इंग्रजी जमेल?

जमेल. पहिला आठवडा कान बसायला लागतो, स्कॉटिश माणूस बोलायला लागला तर गोऱ्यांना पण कळत नाही. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा सगळीकडे लागत नाही, कॉलेजचं "शिक्षण इंग्रजीतून झालं" असं पत्र बरेच ठिकाणी चालतं. न कळलेलं परत विचारा, तिकडे कुणी हसत नाही.

लसी कुठल्या? आणि मलेरियाची तर आपल्याला सवयच आहे ना?

कसली सवय. आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी फाल्सिपेरम हा मलेरियाचा जास्त घातक प्रकार, तो झटकन मेंदूपर्यंत जातो, आणि लहानपणी रत्नागिरीत एकदा मलेरिया झाला होता म्हणून कुठलंही संरक्षण मिळत नाही. प्रतिबंधक गोळ्या घ्याव्याच लागतात. आता गंमत अशी की त्यातली एक गोळी म्हणजे आपली ओळखीचीच डॉक्सी. पण लेप्टोसाठी आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम देतात आणि मलेरियासाठी रोज १०० मिलिग्रॅम, परत आल्यावर सुद्धा चार आठवडे चालू ठेवायची. तेव्हा घरात पडलेली स्ट्रिप उचलून स्वतःच ठरवू नका, डॉक्टरांना विचारून घ्या. ती घेत असताना उन्हाने कातडी भाजते हे पण लक्षात ठेवा.

केनिया किंवा तशा देशात जाणार असाल तर यलो फीव्हरची लस, ती पण सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रातच, खाजगी दवाखान्यात नाही. निदान दहा दिवस आधी घ्या, एकदा घेतली की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. नसेल तर परत येताना भारतातच सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. सिंधुदुर्गवाल्यांना मुंबईपेक्षा गोव्यातलं मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय जवळ पडतं, आधी फोन करून दिवस विचारून जा. अंड्याची अॅलर्जी असेल तर सांगा. बाकी हिपॅटायटिस ए, बी, टायफॉइड, टिटॅनस, आणि खेड्यात राहणार असाल तर रेबीजची आधी घ्यायची लस, हे सगळं दीड-दोन महिने आधी सुरू करा.

मुलगी एकटी जाणार म्हणून घरचे तयार नाहीत.

माझी आजी म्हणाली होती, "शिकूक येवढ्या लांब कित्याक जातंस, हंय हॉस्पिटलां नाय?" वाद घालून काही होत नाही, कागद दाखवून होतं. राहायचा पत्ता, सुपरवायझरचं नाव आणि नंबर, तिथल्या इमर्जन्सीचा प्लॅन, इन्शुरन्सची कॉपी, हे सगळं एका फाइलीत घालून वडलांच्या हातात द्या. आणि शक्य असेल तर सुपरवायझर बरोबर एक व्हिडिओ कॉल घरच्यांसमोर करा, आईला समोरचं माणूस दिसलं की निम्मं काम होतं. हे सगळं जो प्रोग्रॅम देऊ शकत नाही तिथे घरच्यांचं ऐका, खरंच.

क्रेडिट मिळेल का? इंटर्नशिपमध्ये धरतील का?

आपोआप नाही. इथल्या कॉलेजकडून आधी लेखी आलं तरच.

नोकरीला उपयोग?

नुसत्या सर्टिफिकेटवर नोकरी मिळत नाही. एमपीएचला (पब्लिक हेल्थमधली मास्टर्स) अॅडमिशन घेताना, रिसर्च असिस्टंटसाठी अर्ज करताना मात्र फरक पडतो, तोही सुपरवायझरने नीट पत्र दिलं तर. म्हणून परत म्हणतेय, सुपरवायझर बघा.

तिथला डेटा घेऊन पेपर लिहिता येईल का? फोटो टाकू का इन्स्टावर?

डेटा तुमचा नाही. त्या देशाच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, यजमान संस्थेची परवानगी, आणि पेपरवर तिथल्या लोकांची नावं, हे तिन्ही असेल तरच लिहा. ज्या बाईने तुम्हाला अंगणात बसवून पाणी दिलं तिच्या पोराचा उघडा फोटो हॅशटॅग लावून टाकायचा नाही. नदीचा टाका, होडीचा टाका, जेवणाचा टाका.

जेवणाचं काय?

मासे खाणाऱ्याला बांगलादेशात स्वर्ग, फक्त हिल्शाचे काटे सांभाळा. शाकाहारी असाल तर केनियात पण चपाती आणि बीन्स मिळतात, तिकडे चपातीला चपातीच म्हणतात.

पण परदेशी जायलाच हवं का?

नाही. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० मध्ये जे काम उभं केलं ते शिकायला जगभरातून लोक येतात, गावातल्या बायकांनाच आरोग्य कार्यकर्ती बनवायचं हे तिथे प्राथमिक आरोग्य सेवेवरच्या आल्मा-आटाच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याच्याही आधी सुरू होतं. गडचिरोलीत बंग दांपत्याचं घरच्या घरी नवजात बाळ सांभाळायचं काम, ते १९९९ मध्ये लॅन्सेटला आलं. पैसे नसतील तर यंदा इथे शिका, बाहेर नंतर जा, काही बिघडत नाही. पण जमत असेल तर जा पण, कारण दुसऱ्या देशातली पीएचसी बघितल्याशिवाय आपल्या पीएचसीत काय बरं आहे आणि काय वाईट ते दिसत नाही. मला आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरचं रजिस्टर किती चांगलं असतं ते बाहेर गेल्यावर कळलं. आणि औषधांचा साठा कधी संपेल हे आधीच कळवायची सोय आपल्याकडे किती ढिसाळ आहे ते पण.

परत आल्यावर ताप आला तर?

त्याच दिवशी डॉक्टरकडे. परत येता तो आपल्याकडे पावसाळ्याचाच काळ असतो, त्यामुळे इथे बघणारा डॉक्टर लेप्टो, डेंग्यू असं धरून चालणार, आणि तुम्ही सांगितलं नाही तर आफ्रिकेतला फाल्सिपेरम त्याच्या डोक्यात यायचं कारण नाही. मलेरिया परतल्यावर काही आठवड्यांनी, कधी कधी महिन्यांनी पण उठतो, गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरी. कुठल्या देशात होता, कुठल्या तारखेला परत आलात, कुठल्या गोळ्या घेतल्या हे केसपेपरवर वरच लिहायला सांगा, आणि मलेरियाची तपासणी निगेटिव्ह आली पण ताप चालूच राहिला तर दुसऱ्या दिवशी परत रक्त द्या.